सायकलवरचे डाकू आणि मोबाइलमधलं शहर

आपल्या मोहल्ल्यांत मोबाइल गेमविषयी साधारण दोनच मतं ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरं वाया चाललीत. ना अभ्यास, ना नमाज, ना घरातल्या कामाला हात. पोरं म्हणतात, तुम्हाला काय कळतं त्यातलं. जळगावच्या मेहरूणमध्ये ऐका, धुळ्यात ऐका नाहीतर मालेगावात, वाद इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. शेवटी कुणीतरी फोन हिसकावून घेतं आणि दोन दिवसांनी परत देतं.

या वादात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आपला पोरगा तासन् तास ज्या शहरात गाड्या पळवतो, ते शहर कुणी रचलं? त्या शहरात विनोद कुणावर होतो? गोळी खाणारा कोण असतो? सिनेमाबद्दल हे प्रश्न आपण विचारतो. पडद्यावरचा मुसलमान एक तर दहशतवादी किंवा मित्रासाठी जीव देणारा पठाण, यावर आपण लेख लिहिले, परिसंवाद घेतले. पण आपली पुढची पिढी सिनेमापेक्षा जास्त वेळ गेममध्ये घालवते आणि त्याबद्दल आपल्याकडे ‘बंद कर ते’ यापलीकडे भाषाच नाही. ही भाषा तयार करायला हवी, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पैसे लावून खेळायची रमी, तीन पत्ती किंवा सट्ट्याची अ‍ॅप्स हा वेगळा विषय आहे. त्यात घरं बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा ती योग्यच होती. जुगार हा जुगार असतो, तो मोबाइलवर आला म्हणून खेळ होत नाही. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या गेमना वेगळं मानलं आहे. आपणही हा फरक करायला शिकलं पाहिजे. सगळ्याला एकाच फटक्यात हराम किंवा फालतू म्हटलं की पोरं आपलं ऐकायचं बंद करतात आणि जिथे खरा धोका आहे तिथेही आपला शब्द चालत नाही.

एका माणसाचं चोरपूर

माझा मुद्दा एका गेमच्या आधारे मांडतो. त्याचं नाव ‘रेट्रो सिटी रॅम्पेज’. तो बनवला कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्रायन प्रोविन्सियानो याने. २००१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा गेम आला. आपल्याकडे सगळे त्याला जीटीए म्हणतात. अख्खं शहर मोकळं, कुठेही जा, कुणाचीही गाडी पळवा, पोलिसांना चुकवा. अशा मोकळ्या शहराच्या गेमना ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. प्रोविन्सियानोला वाटलं, हाच गेम १९८० च्या दशकातल्या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर चालवला तर? चौकोनी ठिपक्यांची चित्रं, मोजके रंग, टूं-टूं असं संगीत. २००२ च्या सुमारास त्याने हा उद्योग छंद म्हणून सुरू केला. त्यासाठी लागणारी अवजारंसुद्धा स्वतःच लिहिली. पुढे नुसती नक्कल सोडून त्याने स्वतःचं शहर रचलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये गेम बाजारात आला. संगीतासाठी इतरांची साथ होती, पण बाकी कामाचा मोठा भार एकट्याचाच. जवळपास दहा वर्षं गेली.

शहराचं नाव थेफ्ट्रोपोलिस. मराठीत आपण चोरपूर म्हणू. नायकाचं नाव नुसतं ‘प्लेअर’. साल दिलंय १९८ आणि पुढे फुली, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं कोणतंही. या चोरपुरात पावलोपावली कुणाची तरी फिरकी आहे. मारिओच्या उड्या, बॅटमॅनचे खलनायक, ‘बॅक टू द फ्यूचर’मधला वेडा शास्त्रज्ञ आणि त्याची काळात मागेपुढे जाणारी गाडी, सगळ्यांची नावं थोडी फिरवून त्यांना चोरपुरात फिरायला सोडलंय. ज्याने ते सिनेमे पाहिले, ते गेम खेळले, त्याला प्रत्येक गल्लीत हसू फुटतं. ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही, त्याला तो नुसता मारामारीचा जुनाट गेम वाटतो.

विडंबनाचं मर्म इथेच आहे. ज्याची टर उडवायची ते आधी पाठ असावं लागतं. आचार्य अत्रे यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढून रविकिरण मंडळाच्या कवितेची खिल्ली उडवली, ती त्या कवितेची नस त्यांना नेमकी सापडली होती म्हणूनच. तमाशातला सोंगाड्या राजाची थट्टा करतो, कारण दरबाराचे सगळे रिवाज त्याला माहीत असतात. प्रोविन्सियानोने जुन्या गेमची टिंगल करायला दहा वर्षं दिली. इतका वेळ माणूस ज्याचा तिरस्कार करतो त्याला देत नाही.

त्याचा पुढचा गेम ‘शेकडाउन: हवाई’ २०१९ मध्ये आला. त्यात एका म्हाताऱ्या होत चाललेल्या कंपनीमालकाचा धंदा ऑनलाइन खरेदीमुळे बसलेला असतो. मग तो धाकदपटशाने बेटावरची दुकानं आणि जमिनी ताब्यात घेत सुटतो. आधी सिनेमा-गेमची टिंगल, नंतर थेट बाजाराची. म्हणजे हात बसला की विडंबन वरच्या दिशेने जाऊ लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

आमची जुनी यंत्रंसुद्धा नकलीच होती

‘रेट्रो’ म्हणजे जुन्याची आठवण. पण कुणाच्या जुन्याची? कॅनडा-अमेरिकेतल्या पोरांकडे निन्टेन्डोचं अस्सल यंत्र होतं. खानदेशातल्या नव्वदच्या दशकातल्या पोरांकडे जे आलं त्याला आपण ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. ते बहुतेक वेळा त्या जपानी यंत्राची चिनी नक्कल असायचं. कुणाचा मामू दुबई-सौदीहून आणायचा, कुणी मुंबईच्या बाजारातून. पिवळी कॅसेट, त्यावर लिहिलेलं ‘९९९९९९ इन १’. आत गेम मोजकेच, तेच उलटसुलट करून परत परत. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा तो गेम आणि बदकांवर बंदूक चालवायचा गेम. ज्याच्या घरी टीव्ही गेम त्याच्या घरी सुट्टीत अख्खी गल्ली.

पुढे सायबर कॅफेचे दिवस आले तेव्हाही तेच. ‘व्हाइस सिटी’च्या फोडलेल्या सीड्यांवर ‘डॉन’ किंवा ‘मुंबई’ अशी नावं यायची. कुणीतरी नायकाचे कपडे बदललेले, रेडिओवर हिंदी गाणी घातलेली. कायद्याच्या दृष्टीने ती चोरी होती, यात वाद नाही. पण त्यामागची इच्छा समजून घेण्यासारखी आहे. परक्याच्या शहरात आपल्याला आपली गल्ली पाहायची होती.

आज तीच इच्छा मोबाइलवर दिसते. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हा गेम खेड्यापाड्यातल्या कुठल्याही दहा-बारा वर्षांच्या पोराला विचारा. रोहित गेमिंग स्टुडिओचा हा गेम. चित्रं ओबडधोबड, गाड्या हवेत तरंगतात, माणसं भिंतीतून आरपार जातात. पण गेममधल्या फोनवर नंबर फिरवला की हवी ती मोटरसायकल समोर हजर होते. आपल्या रस्त्यावरची बाइक आपल्याला चालवायला मिळते, एवढ्यावर पोरं खूश. मोठ्या कंपन्यांचे चकचकीत गेम सोडून ती या ओबडधोबड शहरात रमतात. यातून पोरांना काय हवंय ते आपल्याला कळायला हवं.

मालेगावने हे आधीच करून दाखवलंय

धुळे ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागलं की मालेगाव. यंत्रमागाचं गाव, शुक्रवारी सुट्टी. तिथे शेख नासिर नावाचा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस. त्याला सिनेमाचं वेड. २००० च्या सुमारास त्याने गावातल्या दोस्तांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. १९७५ च्या ‘शोले’त डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावात घोडे कुठून आणणार? डाकू सायकलवर आले. आणि लोक हसून लोटपोट झाले.

ते हसू नीट पाहू. सायकलवर येणारा डाकू पाहून लोक मूळ ‘शोले’ला हसतात, त्याच्या थाटामाटाला हसतात, आणि त्याचबरोबर स्वतःच्या फाटक्या खिशालाही हसतात. पण त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट पडद्यावर आपली गल्ली, आपली बोली, आपला शेजारी पाहून माणसाला उभारी येते. प्रोविन्सियानोने जीटीएचं झगमगतं शहर ठिपक्यांत उतरवलं, नासिरने ‘शोले’चं रामगढ सायकलवर बसवलं. एकाने हौसेने साधनं कमी केली, दुसऱ्याकडे ती नव्हतीच. एवढा फरक सोडला तर कारागिरी एकाच जातीची आहे.

पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो २००८ चा. हिरवा कपडा लावून हवेत उडण्याची दृश्यं कशी काढली, कॅमेरा पाण्यात पडला तेव्हा काय झालं, हे सगळं त्यात आहे. २०११ मध्ये शफीक कॅन्सरने गेला. २०१२ मध्ये माहितीपट थिएटरात लागला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, तेव्हा ही गोष्ट देशभर पोहोचली.

आता याच गावाची दुसरी ओळख आठवा. ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले मुसलमान, आणि पकडलेली पोरंही मुसलमान. त्या मुस्लिम आरोपींना न्यायालयाने दोषमुक्त केलं ते २०१६ मध्ये. दरम्यानच्या दहा वर्षांत ‘मालेगाव’ म्हटलं की देशाच्या डोळ्यांसमोर काय यायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेरच्या कॅमेऱ्याने या गावाकडे स्फोट आणि दंगलीच्या वेळीच पाहिलं. गावातल्या कॅमेऱ्याने मात्र सायकलवरचे डाकू पाहिले, उडायला निघालेला यंत्रमाग कामगार पाहिला. निवेदनं, मोर्चे, निषेधसभा यांनी मालेगावची प्रतिमा जेवढी बदलली नसेल, तेवढी शफीकच्या त्या ढगळ सुपरमॅनने बदलली. आपल्याविषयी दुसरा जी गोष्ट सांगतो ती खोडून काढत बसण्यापेक्षा आपली गोष्ट सांगणं जास्त काम करतं.

ज्या गेममध्ये आपण फक्त टार्गेट असतो

गेमच्या दुनियेत आपण कुठे आहोत? २००७ मध्ये ‘कॉल ऑफ ड्युटी ४’ आला. त्यातल्या लढाईचा मोठा भाग मध्यपूर्वेतल्या एका बिननावाच्या देशात होतो. नाव द्यायचीसुद्धा तसदी नाही. भिंतींवर अरबी, डोक्याला रुमाल, हातात बंदूक, झाला देश तयार. याच मालिकेतला २००९ चा गेम पाहा. त्यात ‘कराची’ नावाचा एक नकाशा आहे आणि तिथल्या पाट्यांवर अरबी मजकूर आहे. कराचीत पाट्या उर्दूत असतात, हे बनवणाऱ्यांना कळलं नाही किंवा कळून फरक पडला नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून गवताचं पातं न् पातं हुबेहूब काढणाऱ्यांना एका शहराची भाषा विचारावीशी वाटली नाही.

मेहरूणचा उर्दू शाळेत शिकणारा पोरगा हा गेम खेळतो तेव्हा काय होतं? त्याच्या हातात अमेरिकन सैनिकाची बंदूक असते आणि समोर धावत येणारा माणूस त्याच्या चाचासारखा दिसतो. तो गोळी घालतो, गुण मिळवतो, पुढे जातो. यामुळे तो बिघडेल, हिंसक होईल, असा दावा मी करत नाही. पण आपल्यासारखी दिसणारी माणसं गोष्टीत मरण्यासाठीच असतात, हे त्याच्या मनात कुठेतरी नोंदलं जात असणार. आणि तोच गेम खेळणाऱ्या त्याच्या हिंदू मित्राच्या मनातही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड: मिराज’ आला. नवव्या शतकातलं बगदाद, तिथले बाजार, ग्रंथालयं, कारागीर, गल्ल्या. अख्खा गेम अरबी संवादांत खेळता येतो. तोही मारामारीचाच गेम आहे, पण त्यात मुसलमानांचं शहर ज्ञानाचं आणि व्यापाराचं शहर म्हणून उभं राहतं. अभ्यास केला की चित्र बदलतं. ‘कराची’ आणि ‘बगदाद’ यांतला फरक तंत्रज्ञानाचा कमी आणि कष्ट घेण्याचा जास्त आहे.

आपल्या सरकारांनाही गेम म्हटलं की बंदीच सुचते. सप्टेंबर २०२० मध्ये चीनशी तणाव असताना पबजीवर बंदी आली. मग तोच गेम २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या भारतीय नावाने परतला. फरक काय? मेल्यावर उडणारं रक्त लाल नसून हिरवं. गोळ्या त्याच, मरणं तेच, रंग बदलला की खेळ संस्कारी. हिरव्या रंगाला एवढी मोकळीक दिलेली हल्ली दुसरीकडे कुठे दिसत नाही! २०२२ मध्ये त्यावरही बंदी आली, २०२३ मध्ये तो पुन्हा आला. या सगळ्यात पोरांना काय समजलं असेल? मोठ्या माणसांचे नियम हेच मोठं विडंबन आहे, एवढंच.

थट्टा कुणाची, कुणी करायची

इथे आपल्यातलेच काही लोक विचारतील, टिंगलटवाळीला इस्लाममध्ये जागा आहे का? प्रश्न रास्त आहे. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची टर उडवू नये, वाईट नावं ठेवू नयेत, अशी स्पष्ट ताकीद आहे. कारण ज्याला हसता तो कदाचित तुमच्याहून चांगला असेल. माझ्या मते ही ताकीद विनोदाच्या विरोधात नाही, माणसाला तुच्छ लेखण्याच्या विरोधात आहे. याच मुस्लिम जगाने मुल्ला नसरुद्दीन दिला, जो काजीला, बादशाहाला आणि सगळ्यात जास्त स्वतःला हसतो. या कसोटीवर ‘कराची’चा तो नकाशा नापास होतो आणि सायकलवरचे डाकू पास होतात.

पण ही कसोटी आपल्याला स्वतःलाही लावावी लागेल. ‘रेट्रो सिटी रॅम्पेज’मध्ये रस्त्यावरच्या माणसांना चिरडलं की गुण मिळतात. ठिपक्यांची माणसं आहेत, विडंबन आहे, असं म्हणून ते सोडून देता येतं. तरीही जीटीएच्या हिंसेची टिंगल करता करता त्याच हिंसेची मजा विकणं, ही या प्रकाराची खोट आहेच. आपल्या खानदेशी कॉमेडी व्हिडिओंचंही तेच. यूट्यूबवर त्यांचं मोठं नाव आहे, मालेगावच्या छोटू दादाला देश ओळखतो. त्याचा मला आनंद आहे. पण त्यातला बराच विनोद कुणाच्या उंचीवर, कुणाच्या जाडीवर, कुणाच्या बायकोवर बेतलेला असतो. हे खाली पाहून हसणं झालं. नासिरच्या ‘शोले’ने जे कमावलं, ते यात हळूहळू गमावतंय.

आणि बायका कुठे आहेत? मालेगावच्या सिनेमात काम करायला गावातल्या मुली येत नसत, म्हणून नटी बाहेरून आणावी लागे. गेमच्या बाबतीत आज आपल्या घरांत वेगळं चित्र नाही. पोराच्या हातात फोन दिला जातो, बहिणीला तो मागून घ्यावा लागतो, तोही अभ्यासापुरता. मुलगी गेम खेळते म्हटलं की भुवया उंचावतात. ज्या विनोदात अर्धा समाज फक्त ऐकणारा असतो, त्या विनोदाला आपला कसं म्हणायचं?

तिसरी अडचण सगळ्यात अवघड. या देशात विनोद करण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. १ जानेवारी २०२१ ला मुनव्वर फारूकी या विनोदी कलाकाराला इंदूरमध्ये कार्यक्रमातून पकडून नेलं. सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला तो ५ फेब्रुवारीला. एक महिन्याहून जास्त दिवस माणूस विनोदाच्या आरोपावरून तुरुंगात. त्यानंतरही त्याचे कार्यक्रम रद्द होत राहिले. हे पाहिलेला बाप आपल्या पोराला म्हणतो, ‘बेटा, तू गप बस, आपल्याला नाही परवडत.’ त्या बापाला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. पण या भीतीने आपण हसायचंच सोडलं, तर आपल्याविषयी बोलण्याचा मक्ता कायमचा दुसऱ्यांकडे जाईल. नासिरची वाट इथे उपयोगी पडते. त्याने सुरुवात बड्या सिनेमाच्या आणि स्वतःच्या थट्टेपासून केली. तिथे अक्कल लागते, जिगर लागते, पण कुणाच्या श्रद्धेला धक्का लावावा लागत नाही.

मेहरूणचा गेम

आता कल्पना करा, असा एक ठिपक्यांचा गेम मेहरूणच्या पोरा-पोरींनी बनवला. शहर आपलंच. एका बाजूला मेहरूण तलाव, काठाला फिरायला आलेली माणसं, थंडीत मेहरूणच्या बोरांच्या गाड्या. दुसऱ्या बाजूला अजिंठा चौफुली आणि केळीने भरलेले ट्रक. मे महिन्यात दुपारी बाराला बाहेर पडलं की ‘लाइफ’ आपोआप कमी होते. मारिओ मशरूम खाऊन मोठा होतो, आपला नायक कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन. गाडी चोरायची गरज नाही; दोस्ताची बाइक मागायची, तिच्यात पेट्रोल कधीच नसतं.

नायिकेचं काम एकच. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत एका प्रकारे लिहिलंय, आधारवर दुसऱ्या, वडिलांच्या रेशन कार्डावर तिसऱ्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची मुदत संध्याकाळी संपते. तिला तिन्ही स्पेलिंगं एक करायची आहेत. या खिडकीवरून त्या खिडकीवर, झेरॉक्सवरून फोटो, फोटोवरून अंगठा. आणि शेवटच्या टप्प्यावर सगळ्यात मोठा खलनायक, ज्याला कुठलीच गोळी लागत नाही. त्याचं नाव ‘सर्व्हर डाउन’.

हा गेम खेळून मुसलमान हसेल, तसाच पाटील, महाजन, तडवी, भिलाचा पोरगाही हसेल. कारण ‘सर्व्हर डाउन’ने कुणालाही सोडलेलं नाही. आणि हसता हसता त्याला हेही कळेल की आडनावाच्या एका अक्षरावर शेजारच्या घरात किती धास्ती असते. आज कागद म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो. ती गोष्ट भाषणात सांगितली की समोरचा तोंड फिरवतो, गेममध्ये खेळली की तो स्वतः रांगेत उभा राहतो. गेममध्ये जे होतं ते सिनेमात होत नाही ते हेच. सिनेमात दुसऱ्याची अडचण दिसते, गेममध्ये ती काही काळ आपली होते.

हे स्वप्नरंजन वाटेल, पण साधनं खरोखर हाताशी आहेत. मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आहे, अमेरिकेच्या एमआयटीने २००७ मध्ये आणलेलं, फुकट. त्यात ठोकळे जोडून गेम बनतो. थोड्या मोठ्यांसाठी ‘गोडो’ हे मुक्त साधन आहे, तेही फुकट आणि साध्या संगणकावर चालतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जगभर नेला. त्यात हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी नायिका आहे आणि आपल्याकडच्या पुराणकथा आहेत. पुण्यातल्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. म्हणजे गेम बनवायला अमेरिकेला जावं लागत नाही. मेहरूणमध्येच इकरा संस्थेचं थीम कॉलेज आहे, शहरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्यापीठ आहे. उर्दू शाळांत संगणक आहेत, बरेचसे झाकून ठेवलेले. रमजान सोडून सुट्टीच्या एका महिन्यात, रोज दोन तास, पंधरा पोरं आणि पंधरा पोरी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आपल्या संस्था वर्षाला जेवढे सत्कार करतात त्यातल्या दोन-तीन सत्कारांच्या शालींचा खर्च पुरेल.

मातब्बर मंडळी म्हणतील, समाजापुढे शिक्षण, रोजगार, सुरक्षिततेचे प्रश्न असताना हे गेमचं काय खूळ? पण हे त्या प्रश्नांपासून लांब नाही. गेम बनवायला गणित लागतं, चित्रकला लागते, भाषा लागते, संगीत लागतं आणि काम अर्धवट न सोडण्याची सवय लागते. ज्या पोराला वर्गात बसवत नाही तो रात्रभर जागून गेमचा टप्पा पार करतो. त्याची ही चिकाटी आपण आजवर फक्त शिव्या घालून वाया घालवली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पोराच्या हातून फोन काढून घेण्याआधी पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा. त्याला विचारा, हे शहर कुणाचं? इथे कुणाला हसतात? यात आपण कुठे आहोत? तो कदाचित म्हणेल, अब्बा, आपण यात नाहीच. मग बाजूला बसलेल्या त्याच्या बहिणीलाही जवळ बोलवा आणि दोघांना विचारा, असलो असतो तर कसे असलो असतो. उत्तर आलं की एक कागद-पेन्सिल द्या. चौकटीचा कागद असला तर उत्तम. ठिपक्यांचं शहर त्यावर लवकर उभं राहतं.